गाद्या गेल्या, टीव्ही राहिले

१

खोलीचं दार उघडलं आणि माझा भाऊ जगन उंबऱ्यावरच थांबला. मी त्याच्या खांद्यावरून आत डोकावले. दोन पलंग होते आणि त्यांच्यावर नुसत्या फळ्या. गादी नाही, उशी नाही, चादर नाही, रजई नाही.

"आक्का, ही खोली चुकली असंल," जगन म्हणाला.

खोली चुकली नव्हती. आम्ही दुसरी उघडली, तिसरी उघडली. ओळीनं सगळ्या खोल्यांची तीच तऱ्हा. न्हाणीघरातल्या बादल्या आणि मगसुद्धा गेलेले. टेबलावरचा पाण्याचा जग नाही, ग्लास नाहीत. भिंतीवरचा टीव्ही मात्र जागच्या जागी, त्याच्यावर धूळही नाही. मागच्या बाजूला पाण्याची टाकी भरून वाहत होती, तेवढाच काय तो आवाज.

उद्या माझ्या भाचीचं, सोनियाचं लग्न. नवऱ्या मुलाकडचं वऱ्हाड सकाळीच परभणीहून बसनं निघालेलं, दिवेलागणीला इथं पोहोचणार. त्यांच्यात म्हातारी माणसं, तान्ही पोरं. आणि पौषातली वेल्ह्याची थंडी काय असते ते ज्यानं इथं रात्र काढली त्यालाच विचारा. या खोल्यांसाठीच तर जगननं हे लॉन भाड्यानं घेतलं होतं.

मालक अजितराव घाईघाईनं आले. चाळिशीचा माणूस, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. "काका, काय सांगू तुम्हाला. रात्री चोरी झाली. सगळं बेडिंग गेलं. मी पोलिसांना बोलावलंय."

"आता वं?" जगनच्या तोंडचं पाणीच पळालं.

"काळजी करू नका. मंडपाची काहीच अडचण नाही, लग्न अगदी थाटात करा. फक्त मुक्काम तेवढा होणार नाही." मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि चोर सापडल्यातच जमा आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण तो तुमचाच माणूस आहे."

२

आमचा माणूस म्हणजे याकूब. भोरातला टेम्पोवाला. आमच्या घरातली गेल्या वीस वर्षांतली सगळी कार्यं याच्याच टेम्पोतून पार पडली. काल तो आचाऱ्याची भांडी आणि सरपण टाकायला इथं येऊन गेला होता. आता फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेला, आणि शेजारी हवालदार.

"ताई, येताना कढया व्हत्या, जाताना टेम्पो रिकामा व्हता," तो मला म्हणाला. "उद्या भोरात माज्या नावाफुडं चोर लागलं की माज्या बायकूनं, जोहरानं दारात तरी कसं हुबं ऱ्हायाचं?"

हवालदार म्हणाले, "बाई, काल फाटकातनं दुसरी गाडीच आली न्हाई. एवढ्या गाद्या काय खिशातनं जात न्हाईत."

बरोबर होतं त्यांचं. गाद्या खिशातनं जात नाहीत. मला तिथंच काहीतरी खुपलं, पण बोट ठेवता येईना. मी भोर डेपोत आयुष्यभर कंडक्टर होते. तिकीट न काढलेला माणूस कंडक्टर जवळ आला की खिडकीबाहेर बघायला लागतो. याकूब सरळ माझ्याकडं बघत होता.

जगनला हे ठिकाण का हवं होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर त्याची तगमग कळायची नाही. त्याच्या लग्नात सासरकडच्या पाहुण्यांना उत्रोलीत गोठ्याशेजारी भाताच्या पेंढ्यावर निजवलं होतं. दुसरी सोयच नव्हती. त्याच्या बायकोचे, संजीवनीचे मामा तेव्हापासून प्रत्येक कार्यात चारचौघांत म्हणतात, "उत्रोलीचं नाव काढलं की आजून आंगाला खाज सुटती." सगळे हसतात. जगनही हसतो. पण सोनियाचं ठरलं त्या दिवशी तो मला म्हणाला, "आक्का, माज्या पोरीच्या वऱ्हाडाला पलंग मिळाला पायजे. आंगुळीला गरम पानी पायजे. बास."

मग आम्ही मुक्कामाची सोय असलेली ठिकाणं बघत हिंडलो. कापूरहोळच्या अलीकडं एका ठिकाणी उशीचा अभ्रा उचलला तर खाली मागच्या वऱ्हाडाचे केस. किकवीच्या बाजूला एके ठिकाणी न्हाणीघराच्या कोपऱ्यात गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या, आणि दाखवणारा माणूस म्हणतो कसा, "ते डिझाईन हाय." मला ओकारीच यायची बाकी होती. शेवटी मार्गासनीच्या पुढं हे लॉन सापडलं. डोंगर समोर, फरशी अशी की पदर टेकवावा. मी नाकं मुरडणारी बाई, पण इथं मलाही काही सापडलं नाही.

अजितरावांची बायको सुलक्षणा बाहेर आली. शिकलेली, गोड, हाताला सतत बाटलीतलं जंतुनाशक चोळणारी. निळ्या फुलांच्या चिनी कपांतून चहा दिला. जगननं तारीख सांगितली, तसे अजितराव म्हणाले, "पौषात? हरकत नाही, आम्ही असलं काही पाळत नाही." पौषात हॉल रिकामाच असतो, त्यांना आनंदच झाला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "उत्रोलीत घर कुठंशी?" आमचं आडनाव असं की त्यावरून कुणाला थांग लागत नाही. मग लोक गाव विचारतात, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतात, कुलदैवत विचारतात. जगन म्हणाला, "रस्त्यालाच हाय," आणि विषय संपला.

पंधरवड्यानं आम्ही मांडव ठरवायला परत गेलो. जगन म्हणाला, "मूर्तीसाठी फुडं एक टेबल लागंल."

"गणपतीची ना?"

"न्हाई, बुद्धाची. आन बाबासाहेबांचा फोटू."

"छान, छान," म्हणत अजितरावांनी आपला निळ्या फुलांचा कप उचलला. त्या दिवशी आम्हाला चहा कागदी कपातून मिळाला आणि त्याला पुठ्ठ्याचा वास येत होता. मला प्रत्येक ठिकाणी काही ना काही वास येतोच, म्हणून मी गप्प बसले.

आता जगन अजितरावांना विनवत होता. "साहेब, गाद्या गेल्या तर जाऊ द्या. आमी भोरातनं, उत्रोलीतनं गोळा करून आणतो. खोल्या तेवढ्या द्या."

अजितराव क्षणभर गडबडले. "अहो, पण... पाण्याची मोटर जळालीय ना. सकाळपासून पाणीच नाही. पाहुण्यांचे हाल होतील."

एवढं बोलून ते डोंगराकडं बघायला लागले. थेट खिडकीतल्या प्रवाशासारखे.

मी काही न बोलता पहिल्या खोलीत परत गेले. पलंगाखाली वाकले. हाताला काहीतरी लागलं आणि गडगडत भिंतीपाशी गेलं. मी ते उचलून नाकाशी नेलं. डांबराची गोळी.

३

राखणदार गेनबा शेकोटीपाशी बसला होता. अंगावर कोरं लाल ब्लँकेट, आणि त्याच्या कोपऱ्यावर लॉनचं नाव शिवलेलं.

"गेनबा, हे कुठलं?"

तो दचकला. "आगं ताई, ह्ये मालकांनी दिवाळीत दिल्यालं. जळलंय हितं, बघ की." खरंच, मधोमध बिडीनं पडलेलं भोक होतं. "चोरीतलं आसतं तर पांगरून बसलो आसतो का मी हवालदाराफुडं?"

"राती तू कुठं व्हतास?"

"घरी. मालकीणबाईच म्हनल्या, आज जा, नातवाला भेटून ये. सात वर्सांत पैल्यांदा म्हनल्या."

"आन चाव्या?"

"चाव्या मालकांच्या सैपाकघरात. खिळ्याला."

कुलूप एकही तुटलेलं नव्हतं, हे मी आधीच बघितलं होतं.

मालकांचं दुमजली घर लॉनच्या टोकाला. अंगणात अजितरावांची आई सखूबाई पूजा आटपून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून उदबत्तीचा धूर येत होता, आणि त्यांच्या हातात निर्माल्याचं ताम्हन.

"आजी, घोटभर पाणी मिळंल का?"

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तांब्या आणला आणि उभ्यानंच हात उंच केला. मी ओंजळ धरावी म्हणून ती वाट बघत राहिली.

"आमचं जुनं वळण हाय बाई," त्या म्हणाल्या. "राग मानू नगो. म्या तोंडावर सांगती, मागं न्हाई."

साठी ओलांडली माझी. हे असलं पाणी माझी आई प्यायली, आजी प्यायली. मी हात पदराखालीच ठेवले. तिनं तरी तांब्या कलता केला, पाणी फरशीवर सांडलं आणि माझ्या चपलेपर्यंत आलं.

मला वाटलं, सापडला चोर. या म्हातारीशिवाय दुसरं कोण असणार? राग असा डोक्यात गेला होता की मी तिथंच हवालदारांना हाक मारणार होते. तेवढ्यात सुलक्षणा धावत आली.

"अय्या, ताई, तुम्ही कशाला उन्हात उभ्या? सासूबाईंचं मनावर घेऊ नका हं. जुन्या काळातल्या आहेत. मी तर कुणाच्याही हातचं खाते." तिनं माझा हात हातात घेतला. जंतुनाशकाच्या लिंबाच्या वासाखालून दुसराच एक वास आला, उग्र, ट्रंकेतल्या लुगड्यासारखा. "बसा, चहा आणते."

चहा आला. कागदी कपातून.

मी कप हातात घेऊन घराच्या आत शिरले आणि जिन्याकडं वळले. सुलक्षणा चटकन आडवी आली. "वर नको ना ताई. वर देवघर आहे."

"चपला काढती की."

"तसं नाही हो. सासूबाईंचं सोवळं असतं. त्यांना चालत नाही." ती हसली, पण हात कठड्यावरून काढला नाही.

मी तिच्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं, आणि मघापासून खुपत होतं त्याच्यावर बोट पडलं. मला एकदम सगळं दिसलं आणि शिसारी आली. म्हातारीच्या तांब्याची आली होती त्याहून कितीतरी जास्त.

४

"हवालदार, याकूबला घेऊन हिकडं या," मी अंगणातूनच हाक दिली. "जगन, तूही ये. अजितराव, तुमीपण."

सगळे जमले. सुलक्षणा दारात उभी होती. सखूबाई जोत्यावर बसल्या.

"चोर काय नेतो, हवालदार?" मी विचारलं.

"ज्येचा पैसा हुईल त्ये."

"मग भिंतीवरचे टीव्ही ऱ्हायले कसे? आन नेलं काय? गादी, उशी, चादर, रजई. आंगुळीची बादली, मग. प्यायचे गिलास. ह्या चोरानं आंगाला आन तोंडाला लागतं तेवढंच नेलं. असला चोर तुमी नोकरीत कधी बघितलाय का?"

जगन माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता. त्याला कळलं होतं. आमच्यातल्या कुणालाही एवढ्यावर कळतं, फोडून सांगावं लागत नाही.

"आता ही बघा." मी तळहातावरची गोळी पुढं केली. "खोलीत पलंगाखाली मिळाली. चोर काय खिशात डांबराच्या गोळ्या घेऊन येतो? कसर लागू नये म्हणून गोळ्या टाकून गाद्या बांधल्यात. म्हंजे बांधणाऱ्याला त्या परत वापरायच्यात. आमचं वऱ्हाड गेल्यावर."

"ताई, तुमचा काहीतरी गैरसमज—" अजितराव म्हणाले.

"मोटर जळाली म्हणालात. सकाळी मी आले तवा टाकी भरून वाहत व्हती. आजून वाहती, कान द्या." सगळ्यांनी कान दिला. पाणी पडत होतं. "गाद्या आमी आणतो म्हटल्यावर तुमाला दुसरा बहाणा शोधावा लागला. चोरीनं तुमची अडचण झाली आसती, तर गाद्या मिळत्यात म्हटल्यावर तुमाला बरं वाटाया पायजे व्हतं. लग्न करा, पण निजू नका. एवढंच पायजे व्हतं तुमाला."

"म्या न्हाई केलं ह्ये," सखूबाई जोत्यावरून म्हणाल्या.

"न्हाईच केलं तुमी. मघाशी मला वाटलं व्हतं तुमीच. पण तुमी तर तोंडावर सांगून पाणी वरनं ओतता. तुमाला लपवायची गरजच न्हाई. चोरीचं नाटक त्यानं केलं, ज्याला कायदा ठाऊक हाय. ज्याला 'आमी पाळत न्हाई' असं म्हणत मिरवायचंय. आजी, एक सांगा. मघाशी देवाला फुलं कुठं वाह्यली?"

"कुठं म्हंजी? देवघरात. ह्ये काय, सैपाकघराशेजारी."

"मग वर काय हाय?"

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. "वर? कालपास्नं मला जिना चढू देत न्हाईत. ही म्हनती, फरशी पुसलीय."

हवालदारांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते जिना चढून गेले. वर दार ढकलल्याचा आवाज आला आणि तो डांबराचा वास जिन्यावरून खाली उतरला. वरून ते म्हणाले, "हायेत. समद्या हायेत. गिलाससुदीक खोक्यात भरल्यात."

याकूबनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सुलक्षणा रडायला लागली. "आम्ही मानत नाही हो खरंच. माझ्या कॉलेजात कितीतरी मैत्रिणी होत्या... पण पुढच्या महिन्यात मोठी मोठी बुकिंग आहेत. त्या लोकांना कळलं, या गाद्यांवर आधी कोण झोपलं होतं, तर कोण येईल इथं? आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा."

मी आयुष्यात एसटीत उलट्या पुसल्या आहेत. एवढी घाण मी बघितली नव्हती.

"आन याकूबनं काय केलं व्हतं?" मी विचारलं. त्यांच्या लेखी तो फाटकातून आलेला टेम्पो होता, बस.

अजितराव जगनकडं वळले. माझ्याकडं बघायची त्यांची छाती नव्हती. "काका, मिटवून टाकू. शुभकार्य आहे घरात. खोल्या घ्या, गाद्या घ्या, मी स्वतः अंथरून देतो. सुलक्षणा, चहा आण. चांगल्या कपांतून आण."

मला भीती होती ती इथंच. जगन जन्मभर मिटवत आला होता. कचेरीत मिटवलं, गावात मिटवलं, मामांच्या चेष्टेवर हसून मिटवलं. आणि आत्ता वऱ्हाडाची बस नगर ओलांडून पुढं आलेली. गाद्या वर होत्या, पलंग खाली होते. हो म्हणायचा अवकाश.

सुलक्षणानं निळ्या फुलांचा कप त्याच्यापुढं धरला. जगननं तो घेतला, बशीसकट. क्षणभर त्या फुलांकडं बघितलं.

"ताई, मी ह्यातनं प्यालो तर उद्या तुमी ह्यात प्याल का?"

तिनं मोकळे हात एकमेकांवर चोळले.

"आमचं तोंड लागलं की तुमचा कप बाटतो. पर तुमच्या हातचं पिऊन आमाला काय वाटत आसंल, ह्ये तुमी कदी इचारलं न्हाई." त्यानं भरलेला कप तसाच जोत्यावर ठेवला. "त्या गाद्यांवर माज्या पावण्यांना निजवू? मला किळस येती, साहेब."

हवालदारांनी टोपी सारखी केली. "मग चोरीची तक्रार तर आता गेली. तुमचं काय ते लग्न झाल्यावर—"

"न्हाई," जगन म्हणाला. "आधी तक्रार, मग हळद. चल याकूब, टेम्पो काढ."

५

वेल्ह्याच्या ठाण्यातून आम्ही निघालो तेव्हा उन्हं कलली होती. सोनियाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तिथं लग्न लागलं असतं तर मला जन्मभर तो डांबराचा वास आला असता." तिनंच नवऱ्या मुलाला फोन केला आणि बस उत्रोलीकडं वळवली.

याकूबनं भोर गाठलं आणि गल्लीत टेम्पो उभा केला. जोहरानं घरोघरी सांगितलं. फुलाफुलांच्या गाद्या, लग्नातल्या रजया, कुणाच्या बाळाची दुपटीसुद्धा टेम्पोत पडली. कुणी विचारलं नाही की यांच्यावर कोण झोपणार आहे. परभणीच्या पाहुण्यांना उत्रोलीतल्या घराघरांत जागा झाली, आणि चुलीवर पाणी तापायला ठेवलं. मांडव विहारापुढच्या मोकळ्या जागेत उभा राहिला.

गाद्या पाहुण्यांपुरत्याच झाल्या. घरच्या माणसांना पेंढा. म्हणजे संजीवनीच्या मामांनाही पेंढाच, तोही त्याच गोठ्याशेजारी.

सकाळी मामा बाहेर आले तेव्हा डोक्यात, पाठीवर, मफलरमध्ये सगळीकडं काड्या. अंगणात दोन्हीकडची मंडळी चहा पीत बसलेली. जगन पाण्याचा हंडा हातात घेऊन तिथंच थांबला. मी बघितलं, त्यानं हसायची तयारीसुद्धा करून ठेवली होती.

मामांनी पाठ खाजवली. जगनकडं बघितलं, मग पुढं होऊन त्याच्या हातातला हंडा आपण घेतला.

"खाज सुटती लेका," ते म्हणाले. "पर झोप लई चांगली लागली."